पेटीतून आलो तसाच, म्हणे

मी एक विमान बोलतोय. खरं नव्हे, प्लास्टिकचे सुटे भाग जोडून केलेलं, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझे पंख मोजले तर वीतभर आणि वर चार बोटं. माझ्यात कुणी बसत नाही, मी कुठे जात नाही. जपानमधल्या शिझुओका शहरात एका फ्रिजवर माझा मुक्काम आहे, आणि मी रागावलेलो आहे.

राग कशाचा ते आधीच सांगून टाकतो. एका कार्डाचा. पत्त्याच्या पानाएवढं कार्ड होतं ते. प्रदर्शनात माझ्यासमोर उभं केलेलं. जिनं मला घडवलं तिनंच त्यावर स्वतःच्या हातानं एक शब्द लिहिला होता. सुगुमी. म्हणजे पेटीतून आलं तसंच जोडलं, माझं त्यात काही नाही.

हे खोटं आहे. माझ्यात पेटीतलं फार थोडं आहे, बाकी सगळं तिचं आहे. तिचं नाव इनाबा साचिए. मला काय हवं होतं? मोठं बक्षीस नको होतं. माझ्यासमोरच्या कार्डावर तिचं काम तिच्या नावानं लागावं, एवढंच. तेवढ्यासाठी सगळ्यात जास्त कुणाशी भांडावं लागलं असेल, तर तिच्याशीच. आणि मला तोंड नाही.

माझा जन्म याच शहरातला. एक छोटा कारखाना होता, आता नाही. मी निघालो तेव्हा साचा म्हातारा झाला होता. त्यामुळे माझ्या कडांना पापुद्रे सुटलेले, आणि अंगाचे दोन अर्धे भाग एकमेकांवर ठेवले की मध्ये तांदळाचा दाणा शिरेल एवढी फट. पेटीच्या झाकणावरचं चित्र मात्र देखणं होतं. निळा समुद्र, वर मी, पांढराशुभ्र, कमरेला लाल पट्टा. मी असा कधीच नव्हतो. जे आत नाही ते झाकणावर काढायची माणसांना सवयच आहे.

माझा पहिला मालक पोस्टात होता. त्यानं दुकानातून माझ्यासारखी दोन विमानं घेतली. एक करायला, एक ठेवायला. इथे बरेच जण असंच घेतात. घरी नेऊन त्यानं पेटी उघडली, नव्या प्लास्टिकचा वास घेतला, झाकण लावलं आणि मला बाकीच्या पेट्यांवर ठेवून दिलं. माझ्यावर माझा जुळा भाऊ, त्याच्यावर आणखी कुणी. अशा पेट्यांना हे लोक ‘रचलेल्या’ म्हणतात आणि तो शब्द लाडानं उच्चारतात. “माझ्या रचलेल्या दोनशेवर गेल्या हो,” असं हसत हसत सांगतात, जसा काही पराक्रमच. बायकोनं विचारलं की तो म्हणायचा, “निवृत्त झालो की बसतो करायला.” निवृत्त झाला आणि गळ घेऊन मासे पकडायला जाऊ लागला.

एकतीस वर्षं. करायला घेतलेला मी आणि ठेवायला घेतलेला माझा भाऊ, दोघांत काडीचा फरक राहिला नाही. चिकटवायची अक्षरं पिवळी पडून तडकली. खिडक्यांची पारदर्शक पट्टी वरच्या ओझ्यानं मोडली. मग तो वारला, आणि बायकोनं सगळ्या पेट्या एका दिवसात विकून टाकल्या. तिच्यावर माझा राग नाही. तिनं मला निदान जागचं हलवलं.

आम्ही दोघं ओबा नावाच्या म्हाताऱ्याच्या दुकानात आलो. जुना माल घेणारं-विकणारं दुकान. दारातच एक टोपली होती, तिच्यावर पाटी: ‘मोडका माल. परत घेणार नाही.’ आम्हाला त्यात टाकलं.

एके दिवशी एका बाईनं मला उचललं. साठीला आलेली, केस मागे बांधलेले, हाताला कांद्याचा वास. झाकणाकडे ती इतका वेळ बघत राहिली की ओबाला बोलावंच लागलं.

“वहिनी, ते नका घेऊ. आत खिडक्या मोडल्यात.”

“चालेल.”

“शेपटीवरची अक्षरंही गेलीत.”

“अक्षरं पाठ आहेत मला,” ती म्हणाली आणि लगेच ओशाळली.

“नातवाला का?”

“हो. तसंच काहीसं.”

तिला नातू नाही. तिचं लग्नच झालेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या पाच मिनिटांत पहिलं खोटं. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

साचिए शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. चारशे मुलांच्या जेवणाची गाजरं एकसारखी कापणं हे तिचं काम. तीनला घरी येते, हात धुते, टेबलावर वर्तमानपत्र पसरते. तिथे मी झालो, सहा महिने.

माझ्यासारखंच एक खरं विमान ती लहानाची मोठी झाली त्या बेटावर यायचं. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ती तिथल्या धावपट्टीवर कामाला लागली. झाडायचं, प्रवाशांचं वजन करायचं आणि विमान उतरलं की त्याच्या खिडक्या पुसायच्या. समुद्रावरून आलेल्या विमानाच्या काचा मिठानं पांढऱ्या व्हायच्या. चार वर्षं तिनं त्या पुसल्या. त्या विमानात ती एकदाही बसली नाही. बेट सोडलं तेही बोटीनं, कारण बोट स्वस्त. पुढे ते विमान मोडीत निघालं. हे सगळं मला कसं कळलं? ती काम करताना फोन टेबलावर ठेवून बेटावरच्या बहिणीशी बोलायची. बहिणीचं नाव चिझुरु. तिच्या तोंडाला कुलूप नाही.

“चिझुरु, उजवीकडची तिसरी खिडकी ना गं ती? निळसर?”

“तिसरी. चौथीपाशी डॉक्टर बसायचे, ओकायला पिशवी घेऊन.”

“नक्की?”

“अगं, दगड लागून फुटली आणि दुसरीकडची काच आणून बसवली ती तिसरीच. तू रोज कुरकुरायचीस, हिच्यावर डाग जास्त दिसतात म्हणून. कशाला हवंय तुला?”

“असंच.”

“असंच म्हणे. साठीची झालीस, विमानं काय करत बसलीस? एखादा माणूस कर.”

“माणसाला एवढा पॉलिश पेपर कुठून आणू?” साचिए म्हणाली, आणि पलीकडे चिझुरु बराच वेळ हसत होती.

आता माझं अंग कसं झालं ते ऐका, म्हणजे माझा राग तुम्हाला कळेल.

माझ्या अंगातली फट बुजवायला तिनं दुकानातली लांबी आणली नाही. माझीच चौकट, जिला माझे भाग लटकलेले असतात, तिचे तुकडे तिनं थिनरमध्ये विरघळवले आणि तो रस फटीत भरला. म्हणजे माझी जखम माझ्याच मांसानं भरली. मग आइस्क्रीमच्या काडीला पॉलिश पेपर चिकटवून पाण्यात भिजवून घासणं. दिवसेंदिवस. बोट फिरवायची, डोळे मिटायची, पुन्हा घासायची.

पुढच्या काचेसाठी तिनं कामाबोकोचं फळकुट घेतलं. माशाच्या वाटणाची ती वडी इथे छोट्या लाकडी फळीवर चिकटलेली मिळते, वडी खाल्ली की फळी उरते. त्या फळीचा कोपरा कापून तिनं भाजी कोरायच्या सुरीनं माझ्या नाकाचा आकार कोरला. तो चहाच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि वरून केस वाळवायच्या यंत्राचं गरम वारं सोडलं. बाटली आक्रसून लाकडाला चिकटली. तीन बाटल्या सुरकुतल्या. चौथीतून माझी काच निघाली. टूथपेस्टनं घासून तिनं ती इतकी स्वच्छ केली की तिच्यात स्वयंपाकघरातला दिवा दिसायचा. उरलेल्या फळीवरच तिनं मला उभं केलं.

बाजूच्या खिडक्या त्याच बाटल्यांच्या सपाट तुकड्यांच्या. फक्त उजवीकडची तिसरी वेगळी. तिच्यासाठी ती गावभर हिंडून निळसर झाक असलेली परदेशी पाण्याची बाटली घेऊन आली. माझ्यावर तिनं केलेली एकुलती एक चैन. दोन दिवस ते पाणी पीत होती आणि म्हणत होती, “चव तर आपल्या नळासारखीच आहे.”

पाठीवरच्या अँटेनासाठी केसासारखी बारीक तार हवी होती. तिनं चौकटीची काडी आईवडिलांच्या फोटोपुढच्या उदबत्तीवर धरली, मऊ झाली तशी दोन्हीकडून ओढली. ओढण्याआधी फोटोला वाकून म्हणाली, “एक मिनिट उसनी घेते.” शेपटीवरची अक्षरं तीन केसांच्या कुंचल्यानं हातानं काढली. लाल पट्ट्यासाठी चिकटपट्टी काचेवर ठेवून तिची कड नव्यानं कापली, कारण स्वस्त पट्टीची कड कधी सरळ नसते. डाव्या इंजिनामागे धुराचा डाग उजव्यापेक्षा गडद, कारण ते खरं इंजिन तसंच धुमसायचं. तो डाग म्हणजे भाचीच्या लग्नात एकदाच लावलेला, डोळ्यांवरचा तपकिरी रंग.

असा मी झालो. मला आरसा दाखवायची गरज नाही. मी देखणा आहे. आणि तिनंच मला तसं केलं.

एकदा ती मला ओबाच्या त्याच टोपलीवाल्या दुकानात घेऊन गेली. ओबानं चष्मा वर केला, खाली केला.

“नातवानं केलं?”

“नाही... मीच.”

“वहिनी, पुढच्या महिन्यात आमच्या विमानं जोडणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. मी तुमचं नाव देतोय.”

“नको हो. तिथे सगळी मोठी माणसं.”

“मोठी म्हणजे काय, पोटानं. तुम्ही यायचं.”

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. पांढऱ्या कापडाची लांब टेबलं, शंभरएक विमानं. प्रत्येकासमोर कार्ड आणि कार्डावर एक रकाना: काय काय वापरलं. माझ्या शेजारचं विमान मंडळाचे प्रमुख कोइदे-सान यांचं; सान म्हणजे तुमचं ‘जी’. ते गाडी चालवायला शिकवतात आणि सगळ्यांशी परीक्षा घेतल्यासारखे बोलतात. त्यांच्या रकान्यात मुंगीएवढ्या अक्षरांत बारा ओळी: पितळेचे भाग अमुक, इंजिनं तमुक, विकत आणलेल्या खुर्च्या, विकत आणलेले पट्टे. विमान चांगलंच होतं, खोटं कशाला बोलू.

साचिएनं त्या बारा ओळी वाचल्या. मग पेन हातात धरून माझ्यासमोर बसून राहिली. मी मनात म्हणत होतो, लिही. चहाची बाटली लिही. फळकुट लिही. उदबत्ती लिही. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि घाईनं लिहिलं: सुगुमी.

तो शनिवार मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. कोइदे-सान बॅटरी घेऊन आले, माझ्यावर वाकले.

“इनाबा-सान, सुगुमी ना? उत्तम. सुरुवात तशीच करावी.”

“हो, हो. नुसतं जोडलंय.”

“साचा फारच चांगला असणार. जुन्या कारखान्यांची बातच वेगळी.” ते बराच वेळ वाकलेले राहिले. “फक्त उजवीकडची तिसरी खिडकी बघा. निळसर पडलीये. जुन्या प्लास्टिकचं होतं असं. पुढच्या वेळी लक्ष असू द्या.”

आणि तिनं काय करावं? ती वाकली. “माफ करा,” म्हणाली.

कशाची माफी? गावभर हिंडून आणलेल्या बाटलीची? चार वर्षं पुसलेल्या काचेची? माझे पंखे फिरत असते तर मी त्या हॉलभर कागद उडवले असते. दिवसभर लोक येत होते, माझ्यावर वाकत होते आणि म्हणत होते, “काय साचा आहे.” बंद पडलेल्या कारखान्याचं, त्या म्हाताऱ्या पापुद्रेवाल्या साच्याचं कौतुक. आणि ती खुर्चीच्या कडेवर बसून प्रत्येकाला मान डोलावून हो म्हणत होती.

या लोकांना वाटतं, स्वतःला कमी सांगणं म्हणजे सभ्यपणा. असेल. पण तिनं स्वतःला कमी सांगितलं तेव्हा माझं सहा महिन्यांचं आयुष्य पुसून टाकलं. मला कुणी विचारलं?

रविवारी सकाळी कोइदे-सान आले ते एक पेटी काखेत मारून. मी पेटी ओळखली. निळा समुद्र, लाल पट्टा. माझा भाऊ. शनिवारी हॉल बंद झाल्यावर ते थेट ओबाकडे गेले होते. त्या सुंदर साच्याचं विमान त्यांनाही हवं होतं. ओबा त्यांना म्हणाला होता, आत खिडक्या मोडक्या आहेत. त्यांना वाटलं, म्हातारा भाव खातोय.

“इनाबा-सान, जरा इकडे येता?”

त्यांनी पेटी माझ्याशेजारी उघडली. माझा भाऊ चौकटीला लटकलेला, पिवळटलेला, पापुद्र्यांनी भरलेला. टोपलीतून निघाल्यापासून पहिल्यांदाच आम्ही पुन्हा शेजारी आलो. तो माझ्याकडे कसा बघत होता ते मी सांगणार नाही.

कोइदे-सानांनी त्याचे दोन अर्धे भाग एकमेकांवर ठेवून उजेडात धरले. फटीतून पलीकडची खिडकी दिसली.

“हे पेटीतलं. आणि हे तुमचं. मला समजावून सांगा.”

माणसं जमली. साचिए खाली बघत होती.

“मी पस्तीस वर्षं हे करतोय. यातून नुसतं जोडून हे होत नाही. माझ्याच्यानं होणार नाही.”

मागून कुणीतरी म्हणालं, “तयार घेतलं असेल. हल्ली विकतही मिळतात.”

“मी तसं म्हणत नाही,” कोइदे-सान म्हणाले. “पण दुसऱ्यानं केलेलं आपल्या नावावर मांडायचं नाही, हा मंडळाचा नियम आहे. तसं असेल तर टेबलावरून काढावं लागेल.”

झालं. कमी सांगता सांगता ती चोर ठरली.

मी वाट बघत होतो. आता तरी बोल. तिनं पिशवीतून पंचा काढला.

“बरोबर आहे तुमचं. घेऊन जाते मी.”

इतका राग मला एकतीस वर्षांत आला नव्हता. तिनं मला फळीसकट उचललं. पंचात गुंडाळायला मला आडवं केलं आणि फळीची खालची बाजू वर आली. तिथे माशाचा शिक्का होता, वडी करणाऱ्यांचा, आणि एक कोपरा कापलेला.

“थांबा,” कोइदे-सान म्हणाले. “हे काय?”

“कामाबोकोचं फळकुट.”

दोघंतिघं हसले. कोइदे-सान हसले नाहीत.

“कोपरा कुठे गेला?”

“त्याचं... नाक केलं. काचेसाठी.”

“मोठ्यानं सांगा.”

“त्याचं नाक कोरलं. चहाच्या बाटलीत घातलं. बाटली आक्रसवली. तीन फुकट गेल्या.”

त्यांनी माझ्या भावाचे भाग हळूच खाली ठेवले. बॅटरी काढली. “फट कशानं भरली?”

“चौकटीनंच. थिनरमध्ये.”

“ही तार?”

“उदबत्तीवर ओढून.”

“धूर?”

“डोळ्यांना लावायचा रंग. भाचीच्या लग्नाचा उरलेला.”

आता कुणी हसत नव्हतं. प्रश्नांचा सूरही परीक्षेचा राहिला नव्हता. कोइदे-सान टेबलापाशी गुडघ्यांवर बसले होते.

“मग सुगुमी का लिहिलंत?”

“सगळं घरातलंच तर होतं,” ती म्हणाली. “त्यात लिहिण्यासारखं काय?”

कोइदे-सानांनी सुस्कारा सोडला. “बरं. खिडकी मात्र चुकली, एवढं तरी म्हणाल?”

तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली.

“नाही,” ती म्हणाली. “खिडकी चुकलेली नाही.”

एवढ्या हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मग तिनं बेटावरची धावपट्टी सांगितली, लागलेला दगड सांगितला, दुसरीकडून आणलेली काच सांगितली. दोन मिनिटं. तिच्या आयुष्यात ती परक्या माणसांसमोर एवढी बोलली नसेल.

कोइदे-सानांनी माफी मागितली नाही. खिशातून कोरं कार्ड आणि पेन काढून तिच्यासमोर ठेवलं. “लिहा. चुकीचं कार्ड माझ्या टेबलावर चालत नाही.” आणि उठता उठता खालच्या आवाजात विचारलं, “बाटली कुठल्या चहाची?”

ती लिहायला बसली. मी श्वास रोखला, मला श्वास असता तर. रकान्यात तिनं लिहिलं: ‘थोडासा हात फिरवला.’

थोडासा. सहा महिने, चार बाटल्या, उदबत्ती, तीन केसांचा कुंचला, आणि थोडासा. म्हणून म्हणतो, मी अजून रागावलेलो आहे. हिला सुधारणं माझ्या हातात नाही.

आता मी फ्रिजवर असतो. फ्रिज सुरू झाला की माझे पंख थरथरतात, आणि क्षणभर कुणालाही वाटावं की मी निघालोय. माझा भाऊ कोइदे-सानांकडे आहे. तो होतो की रचला जातो, देव जाणे. कार्ड माझ्यापुढेच ठेवलंय.

तुम्हाला एकच सांगणं आहे. कुठे हातानं केलेलं काही दिसलं आणि त्याच्यासमोर असा मान खाली घातलेला शब्द लिहिलेला असला, तर त्या शब्दावर विश्वास ठेवू नका. वाका. नीट बघा. एखादी खिडकी वेगळी असेल, तर चूक म्हणण्याआधी विचारा.

आणि हो, कार्डावर आणखी एक ओळ आहे. ती तिनं मंडळाच्या रकान्याबाहेर, अगदी खाली, लहान अक्षरांत लिहिली. त्या ओळीवर मात्र माझा राग नाही.

‘उजवीकडची तिसरी खिडकी निळसरच होती. ती मी पुसायचे.’